मूळचा कुठला?

"मूळचे कुठले तुम्ही?"

मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की तिसऱ्या वाक्यात हा प्रश्न येतोच. लोकलमधे येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, आणि इथे मिशिगनमधे देशी दुकानात भेंडी निवडतानाही येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. मूळचे वाईचे, आजोबा नोकरीसाठी पुण्याला आले, मी वाढलो चिंचवडला आणि गेली अठरा वर्षं इथे. समोरच्याचं समाधान होतं, माझं होत नाही. कारण वाईच्या आधी आमचे लोक कोकणातून वर आले म्हणतात, आणि कोकणाच्या आधीचं कुणालाच ठाऊक नाही. थोडक्यात, जिथे घराण्याची आठवण संपते त्या जागेला आपण 'मूळ' म्हणतो आणि मोकळे होतो.

आज हे लिहायचं कारण मात्र माणूस नाही, एक ट्रक आहे. साठीला टेकलेला.

आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना तोंडावर नावानं हाक मारतो. पण वय अठ्ठ्याहत्तर, बोलणं तुटक आणि मिशा भरघोस, त्यामुळे मनातल्या मनात मी त्यांचं नाव 'आबा' ठेवलं आहे. इथेही आबाच म्हणतो. आबांकडे १९६६ सालचा फोर्ड एफ-१०० आहे. आपल्याकडे ट्रक म्हटलं की मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं धूड डोळ्यांसमोर येतं. इथे पिकअपलाही ट्रकच म्हणतात. पुढे दोघातिघांची केबिन, मागे उघडा हौदा. आबांच्या वडिलांनी तो नवाकोरा घेतला होता. रंग एके काळी गडद निळा असणार, आता वारंवार धुतलेल्या जीन्ससारखा झाला आहे. हौद्याच्या पत्र्यावर साठ वर्षांचे ओरखडे आहेत आणि त्यातल्या निम्म्या ओरखड्यांची गोष्ट आबांना तारखेसकट सांगता येते.

तर या ट्रकाचं पुढचं सस्पेन्शन आबांनी मुळापासून काढून टाकलं आणि त्या जागी दुसऱ्या, बऱ्याच नव्या गाडीचं बसवलं. काम दोन हिवाळे चाललं. मी त्यात बिनपगारी मदतनीस होतो. बॅटरी धर, पान्हा दे, ओळंबा हलू देऊ नकोस, एवढीच माझी लायकी. गंमत म्हणजे माझं पोट सस्पेन्शनवरच चालतं. आठवडाभर मी ऑफिसात संगणकावर चाकं वरखाली करत असतो. पण संगणकात हात काळे होत नाहीत आणि तिथे चुकलेलं परत करता येतं.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सस्पेन्शन म्हणजे नुसते शॉकअप आणि स्प्रिंगा नव्हेत. चाक चासीला ज्या सांगाड्यानं जोडलेलं असतं तो सगळा सांगाडा. रस्त्यावरचा दणका त्यानं गिळायचा असतो, आणि गिळताना चाकाला भलतीकडे वळू द्यायचं नसतं. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे. गाडी मऊ आहे की कडक हे कुणालाही बसल्या बसल्या कळतं. ती सरळ जाते की नाही हे वेगात, वळणावर, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर कळतं. तेव्हा कळून फार उपयोग नसतो.

१९६४ पर्यंतच्या एफ-१०० ला पुढे एकच सलग लोखंडी दांडा असायचा, पाट्यांवर बसवलेला, बैलगाडीच्या आसासारखा. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला त्याचा झटका बसायचा. १९६५ मधे फोर्डनं 'ट्विन आय-बीम' आणला. एका दांड्याऐवजी दोन. डाव्या चाकाचा दांडा उजवीकडे टांगलेला आणि उजव्या चाकाचा डावीकडे, दोन्ही एकमेकांना ओलांडून जाणारे. पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा आल्या. दणकट होतं ते. इतकं, की एफ-१५० मधे त्याची पुढची रूपं १९९६ पर्यंत टिकली. याची खोड अशी की चाक वरखाली झालं की त्याचा उभा कोनही बदलतो. ट्रक जॅकवर उचलला की पुढची चाकं खालून आत ओढली जातात आणि फेंगड्या पायांचा माणूस उभा राहिल्यासारखा दिसतो. आणि हा कोन दुरुस्त करायचा तर त्या काळचा सरळ उपाय होता, लोखंडी दांडाच दाबयंत्रात धरून थंड वाकवायचा! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खोटंच वाटलं होतं.

आबांच्या ट्रकाचे किंग पिन झिजले होते, स्टिअरिंगला बोटभर ढिलाई होती, चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. त्यात ब्रेक ऑइलची टाकी एकच. म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. त्या काळच्या कितीतरी गाड्यांत असंच असायचं, आणि लोक चालवत होतेच.

आबांचे धाकटे भाऊ शेजारच्या ओहायोत राहतात. त्यांना हा बेत कळला तेव्हा फोनवर जे काही झालं ते मी कुंपणापलीकडून ऐकलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नवे किंग पिन घाल, स्टिअरिंग बॉक्स उघडून नीट कर, टायर चांगले घे, त्याच घराण्यातल्या नंतरच्या ट्रकांचे डिस्क ब्रेक त्याच आय-बीमवर बसव. ट्रक उत्तम चालेल. आणि डॅडचा ट्रक डॅडचाच राहील. कापाकापी कशाला?

मलाही तेच वाटत होतं. जुनी वस्तू जशी आहे तशी ठेवावी, तिच्यावर आपली अक्कल पाजळू नये, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं. आजीच्या पाटल्या मोडून कुणी नव्या घाटाच्या केल्या की घरात दोन दिवस जेवण गोड लागत नाही. मी आबांना तसं म्हणालोही.

आबांनी उत्तर द्यायच्या आधी चहाचा मग बॉनेटवर ठेवला. मग म्हणाले, "याच्या खोडी मला माहीत आहेत. तिला नाहीत."

'ती' म्हणजे त्यांची नात. तेव्हा सतरा वर्षांची. ट्रक तिला द्यायचा असं कधीच ठरलं होतं. ती कॉलेजला जाणार, हायवेनं ताशी सत्तर मैलांवर, आणि ती गाडी चालवायला शिकली आहे ती आजच्या गाडीवर. पाय टेकवला की थांबणारी, दोन बोटांनी वळणारी. आबा हा ट्रक चालवताना पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा तीनदा हलकेच दाबतात, पुलाच्या सांध्यावर स्टिअरिंग आधीच किंचित डावीकडे कसं धरतात, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. ते त्यांच्या हातापायांत आहे. साठ वर्षांत ट्रक बिघडत गेला आणि तितकेच आबा त्याच्याभोवती वाकत गेले. ट्रक सरळ जातो असं त्यांना वाटायचं, कारण त्याला सरळ नेणारे ते होते.

मला एकदम वाईचं घर आठवलं. माजघरातून परसात उतरताना तिसरी पायरी फुटकी होती. घरातला कुणीही, अगदी अंधारात घागर घेऊन जाणारी आजीसुद्धा, न बघता ती पायरी ओलांडायची. पडायचे ते पाहुणे. आणि पाहुणा पडला की सगळे म्हणायचे, अहो, ती पायरी फुटकी आहे ना! जणू ते जगजाहीर होतं.

असो. ट्रकाकडे येतो.

जुन्या ट्रकाखाली नव्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन घालायची इथे मोठी परंपरा आहे. एके काळी कॅमारोचा पुढचा अख्खा सांगाडा कापून जुन्या पिकअपला जोडायचे. मग १९७४ ते १९७८ मधे निघालेल्या छोट्या मस्टँग टू-चं सस्पेन्शन लोकांना सापडलं. गाडी विस्मृतीत गेली, पण तिच्या पुढच्या सस्पेन्शनच्या नकला आजही नव्यानं बनतात आणि जुन्या गाड्यांखाली जातात. आणि मग आली क्राउन व्हिक्टोरिया. अमेरिकन सिनेमात गुन्हेगाराच्या मागे धावणारी पोलिसांची लांबलचक गाडी आठवा, तीच. २००३ मधे फोर्डनं तिचं पुढचं सस्पेन्शन पूर्ण बदललं. खाली अल्युमिनियमचा एक भक्कम आडवा सांगाडा, त्यालाच दोन्ही बाजूंचे वरचे-खालचे हात, शॉकअपवरच चढवलेली स्प्रिंग, पुढे रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, डिस्क ब्रेक. मोजके जाड बोल्ट काढले की हे सगळं बिऱ्हाड एका तुकड्यात खाली उतरतं. या गाड्या २०११ पर्यंत निघाल्या, शेवटची कॅनडात ऑन्टॅरिओतल्या सेंट थॉमसच्या कारखान्यातून. पोलिसांनी आणि टॅक्सीवाल्यांनी त्या पिळून काढल्या आणि मग भंगारच्या अंगणांत त्यांच्या रांगा लागल्या. रुंदी जुन्या एफ-१०० ला बरीचशी जुळते, वजनही भलतं वेगळं नाही. हौशी लोकांना अजून काय हवं!

माझ्यातल्या इंजिनियरला यातली एक गोष्ट फार आवडली. चाकाला वरखाली नेणारा हात एका कमानीत फिरतो आणि चाक वळवणारा टाय रॉड दुसऱ्या कमानीत. या दोन कमानींचं जुळलं नाही तर स्टिअरिंगला हात न लावताही खड्ड्यात चाक आपोआप वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. घरी जुगाड केलेल्या सस्पेन्शनमधे हा रोग हटकून असतो. पण इथे हात आणि स्टिअरिंगचा रॅक एकाच सांगाड्यावर आहेत. त्यांचं आपसातलं नातं कारखान्यात ठरलं तसंच तुमच्याकडे येतं. सांगाडा अख्खा उचलायचा, त्याच्या आत लुडबुड करायची नाही, हा पहिला नियम. तुमच्या हातात उरतं ते एवढंच, की तो चासीखाली नेमका कुठे, किती उंचीवर आणि किती कलवून बसवायचा.

आणि 'एवढंच' हा शब्द मी सहज वापरला, पण पहिला अख्खा हिवाळा त्यातच गेला.

आबांनी गॅरेजची फरशी आधी पाण्याच्या लेव्हलनं तपासली. ट्रक चार घोड्यांवर समतल उभा केला. जुनं काही सोडायच्या आधी चासीवरच्या दहाबारा ठिकाणांहून ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या खुणा केल्या. पुढच्या चाकांचा मध्य, मागच्या चाकांचा मध्य, मधली रेघ. चासी पुढे किती झुकते आहे तो कोन मोजला. कारण सांगाडा किंचित मागेपुढे कलला की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येण्याचा गुण कमीजास्त होतो. मग जुने आय-बीम उतरले. मग रिकाम्या जागेकडे आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो. पुढचे पाय नसलेला ट्रक बघवत नाही.

भंगारच्या अंगणातून २००८ च्या एका पोलिसी क्राउन व्हिक्टोरियाचं बिऱ्हाड आलं. तिच्या काळ्या दारावर चिकटवलेली अक्षरं खरवडून काढल्याच्या खुणा होत्या. आबांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर सांगाड्याचे कर्ण मोजले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. गाडी कुठे आपटलेली असेल तर तिथेच कळतं. मग तो धुऊन, भिंगातून चिरा शोधून झाल्या. अल्युमिनियम पोलादाला साध्या वेल्डिंगनं जोडता येत नाही. त्यामुळे चासीच्या खालच्या कडा मापात कापायच्या, आतून पोलादी पट्ट्यांनी बंद करून मजबुती द्यायची, त्यावर जाड पोलादी बैठका वेल्ड करायच्या आणि सांगाडा त्या बैठकांना बोल्टनं कसायचा. दोन धातू एकमेकांना टेकतात तिथे रंगाचा जाड थर. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि मिठाच्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना खाऊन टाकतात.

म्हणजे सगळा भार शेवटी त्या बैठकांच्या वेल्डिंगवर.

आता आबांबद्दल एक सांगायचं राहिलं. आबा तीसेक वर्षं वेल्डर होते. गाड्यांच्या कारखान्यात, रोज आठ तास. त्यांच्या हाताखाली किती पोरं तयार झाली त्याचा हिशेब नाही. आमच्या गल्लीतली फाटकं, झोपाळे, बर्फ सारायची अवजारं, सगळ्यांवर त्यांचे टाके आहेत. गेली काही वर्षं मात्र त्यांचा उजवा हात कापतो. कप धरताना फारसं दिसत नाही. एका रेघेत, एका चालीनं काही ओढायचं म्हटलं की दिसतं.

बैठका तात्पुरत्या टाक्यांनी जागेवर धरल्या, मापं पुन्हा घेतली, जुळली. आता पक्कं वेल्डिंग. त्या शनिवारी आबांनी चासीला हात लावला नाही. तेवढ्याच जाडीचे दोन तुकडे घेतले, जसं ट्रकावर करायचं तसंच, उताणं पडून, डोक्यावर धरून जोडले. थंड होऊ दिले. वरून टाका सुरेख दिसत होता, नाण्यांची चवड आडवी केल्यासारखा. मी तसं म्हणालो. आबा काही बोलले नाहीत. तो तुकडा व्हाइसमधे धरला आणि घणाचा घाव घातला. दुसऱ्या घावाला सांधा एका बाजूनं उलगडला. आत एक भाग चकचकीत होता. तिथे धातू वितळून एक झालाच नव्हता, नुसता वर बसला होता.

त्यांनी आणखी दोन तुकडे केले. एक टिकला, एक नाही.

मी काय बोलावं मला सुचेना. त्यांनी मुखवटा काढला, हातमोजे काढून त्यात ठेवले आणि म्हणाले, "हा सांधा माझा नको."

बस्स. पुढच्या आठवड्यात त्यांच्या जुन्या कारखान्यातला एक पन्नाशीचा माणूस आला, स्वतःचं मशीन घेऊन. त्यानंही आधी तुकडे जोडून, वाकवून दाखवले. कुणी सांगितलं नव्हतं. मग थोडं थोडं, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, चासी तापून वेडीवाकडी होऊ नये म्हणून मधे थांबत, दिवसभरात काम पुरं केलं. आबा खुर्ची टाकून बसले होते. दिवसभरात एकदाच बोलले. "तिथे थोडं थांब, तापलंय." त्यानं थांबून मान डोलावली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मिशिगनमधे खाजगी गाड्यांची दरवर्षीची सुरक्षा तपासणी नसते. आबांनी वरून सुरेख दिसणारा तो टाका स्वतःच घातला असता, तर त्याला कुणीही कधीही हटकलं नसतं. वर काळा रंग मारला की विषय संपला. आपल्याकडे याच्या उलट टोक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मधे सांगितलं, की गाडी उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी करता येणार नाही. कागदावर तरी आपल्याकडे हा ट्रक झालाच नसता. दोन्ही पद्धतींची बाजू मला कळते. कुणी तपासणार नाही म्हटल्यावर माणसं काय काय रस्त्यावर आणतात ते मी इथे पाहिलं आहे, आणि परवानगीच नाही म्हटल्यावर माणसं चोरून काय करतात ते चिंचवडला. पण घणाचे ते दोन घाव कुठल्याच कायद्यात बसत नाहीत. ते ज्याचे त्यानंच घालायचे असतात.

दुसऱ्या हिवाळ्यात बाकीची कामं. ती भराभर सांगतो. स्टिअरिंगचा जुना बॉक्स गेला, त्यामुळे केबिनपासून रॅकपर्यंत नवा दांडा ओढावा लागला, सायलेन्सरच्या पायपाला चुकवत. त्यात तीन सांधे आले, म्हणून मधे एक आधाराचं बेअरिंग. इंजिनाचा ऑइल पॅन सांगाड्याला घासत नाही ना ते पाहिलं. ब्रेकची दोन कप्प्यांची टाकी आली, म्हणजे एक नळी फुटली तरी दोन चाकांचे ब्रेक राहतील. मग चाकांचा घोळ. क्राउन व्हिक्टोरियाच्या चाकाचे पाच बोल्ट साडेचार इंची वर्तुळात आणि जुन्या एफ-१०० चे साडेपाच इंची. म्हणजे पुढची स्टेपनी मागे बसणार नाही. शेवटी त्याच पोलिसी गाडीचा मागचा अ‍ॅक्सलही घेतला, त्याचे मूळचे कान कापून पाट्यांच्या बैठका बसवल्या. त्या वेल्डिंगलाही तोच माणूस आला.

माझं खरं काम एकच झालं. स्प्रिंगा घालायच्या आधी आम्ही एकेक चाक जॅकनं इंच इंच वर नेलं, खाली आणलं आणि प्रत्येक इंचाला चाक किती वळतं ते भिंतीवर पडलेल्या लेझरच्या ठिपक्यावरून मोजलं. ठिपका जवळजवळ उभ्या रेघेत चालला. ऑफिसात मी हा आलेख शेकड्यांनी काढले आहेत. पेन्सिलीनं भिंतीवर काढलेला हा एकच.

मग व्हील अलाइनमेंट. दुकानातल्या पोरानं संगणकात गाडीचं नाव घालण्यासाठी विचारलं, "कुठली गाडी?" आबा म्हणाले, "दोन हजार आठची क्राउन व्हिक्टोरिया." पोरानं खिडकीतून बाहेर उभ्या निळ्या ट्रकाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं तेच टाइप केलं.

मूळचा कुठला, या प्रश्नाचं ट्रकाला आता एका दमात उत्तर देता येत नाही. आणि मला या खेपेला सगळ्यात महत्त्वाची जी गोष्ट वाटली ती इथूनच सुरू होते.

नातीला किल्ली देण्याआधी आबांनी एक वही केली. साधी, शाळेची. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे. पुढचे ब्रेक पॅड कुठल्या गाडीचे मागायचे, कुठल्या सालचे. बॉल जॉइंट कुठले, टाय रॉडची टोकं कुठली. स्टिअरिंगच्या दांड्यातला कुठला सांधा कुठून आला. बोल्ट किती कसायचे, पहिल्या पाचशे मैलांनंतर कुठले पुन्हा तपासायचे. अलाइनमेंटचे आकडे. वेल्डिंग कुणी केलं, कुठल्या तारखेला. चासी कुठे कापली त्याचं हातानं काढलेलं चित्र. आणि जे करायचं राहिलं त्याचीही यादी. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: 'आधी वाच. मग खाली शिर.'

हे किती गरजेचं आहे ते लगेच लक्षात येत नाही. उद्या हा ट्रक कुठल्यातरी गावात बंद पडला आणि मेकॅनिकनं दुकानात फोन करून १९६६ च्या एफ-१०० चा पुढचा ब्रेक मागितला, तर त्याला मिळेल ते बसणारच नाही. वरून सगळं जुनं दिसतं. तोच रंग, तेच ओरखडे. खाली वेगळाच प्राणी आहे. बदल करणारा माणूस असेपर्यंत ठीक असतं, तो नसला की बदल म्हणजे सापळा होतो. नवी फुटकी पायरीच म्हणा ना.

ती वही चाळताना मला आमचा गणपती आठवला. आमच्या घरी गणपती पश्चिमेकडे तोंड करून बसतो. चिंचवडच्या फ्लॅटमधे त्यासाठी सोफा बाहेर काढावा लागायचा. इथे मिशिगनमधे त्यासाठी मी जेवणाचं टेबल दीड दिवस गॅरेजमधे ठेवतो. गेल्या वर्षी लेकीनं विचारलं, बाबा, पश्चिमेलाच का? मी म्हणालो, आपल्याकडे तशी पद्धत आहे. हे उत्तर नव्हे, हे मला कळत होतं. म्हणून आत्याला फोन केला. आत्या त्र्याऐंशी वर्षांची. ती हसायलाच लागली. म्हणाली, "अरे, वाईला माजघराची पूर्वेची भिंत एका पावसात ओली झाली आणि पोपडे पडायला लागले. म्हणून बाबांनी त्या वर्षी मखर त्या भिंतीला टेकवलं, म्हणजे ती झाकली जावी. मग तसंच पडलं."

भिंत झाकायला केलेली सोय! त्या भिंतीचं पुढे काय झालं कोण जाणे. घरही आता आमचं नाही. आणि मी सात समुद्रांपलीकडे टेबलं हलवतो आहे. आजोबांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनी त्या वर्षीपुरता शहाणपणाचाच बदल केला. फक्त वहीत लिहून ठेवलं नाही.

आम्ही बदललो नाही असं कुठलं घराणं म्हणू शकेल? कोकणातून घाटावर, घाटावरून शहरात, शहरातून इथे. दर मुक्कामाला काहीतरी कापलं, काहीतरी जोडलं, वरचा रंग मात्र तोच ठेवला. भाषा तीच दिसते, सण तेच दिसतात, खालचे सांधे कधी कुणी बदलले, का बदलले, कुठला टाका घणाखाली तपासलेला आहे आणि कुठला नुसता वर बसला आहे, हे सांगायला वही नाही. आणि मग पुढची पिढी विचारते तेव्हा आपण म्हणतो, पद्धत आहे. ती बिचारी पश्चिमेकडे तोंड करून बसते, किंवा एक दिवस वैतागून सगळंच सोडून देते. दोन्हींचं मला वाईट वाटतं.

आबांचे भाऊ मागच्या उन्हाळ्यात येऊन गेले. ट्रकाभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं, बोलले काहीच नाहीत. जाताना जुने दोन्ही आय-बीम, ड्रमसकट, आपल्या गाडीत घालून घेऊन गेले. आबांनी ते कोपऱ्यात पुसून, तेल लावून ठेवलेलेच होते. भावाभावांत एवढ्यावर समेट झाला असं मी धरून चाललो आहे. नात परवा सुट्टीला आली होती ती ट्रकानंच. आबांनी पहिला प्रश्न विचारला तो पाचशे मैलांनंतर बोल्ट तपासलेस का. तिनं वही उघडून दाखवली. त्यावर तिच्या अक्षरात तारीख होती.

मीही एक वही आणली आहे. अजून दोनच पानं झाली आहेत. पहिल्यावर गणपती पश्चिमेला का बसतो ते लिहिलं आहे, भिंतीच्या पोपड्यांसकट. खाली लिहिलं आहे की टेबल हलवायचा कंटाळा आला तर पूर्वेला बसवायला हरकत नाही. फक्त बसवलास तर इथे लिहून ठेव.

आत्याला पुढच्या रविवारी पुन्हा फोन करायचा आहे. यादी मोठी आहे आणि तिला आता कमी ऐकू येतं.